लघवीतील डीएनएवरून आतड्याच्या कर्करोगाचा शोध

मोठ्या आतड्याचा कर्करोग लवकर सापडला तर बहुधा बरा होतो. गाठीतील पेशी मरतात तेव्हा त्यांच्या डीएनएचे तुकडे रक्तात मिसळतात आणि त्यांतले अगदी लहान तुकडे मूत्रपिंडातून लघवीत उतरतात. त्यांत केआरएएससारख्या जनुकातील बदल किंवा मेथिलेशनच्या खुणा शोधायच्या, हे या चाचणीचे तत्त्व. सुई टोचावी लागत नाही, शौचाचा नमुनाही द्यावा लागत नाही. पण हे तुकडे फार थोडे असतात आणि लघवीत लवकर नष्ट होतात. शौचातील डीएनए चाचणीला अमेरिकेत २०१४ मध्ये मान्यता मिळाली. लघवीची चाचणी अजून संशोधनातच आहे.

आपल्याकडे सरकारी तपासणीत तिशीनंतर तोंड, स्तन व गर्भाशयमुखाचा कर्करोग पाहतात. आतड्याचा त्यात नाही. म्हणून शिंदखेड्यासारख्या तालुक्यात लक्षणे ओळखणे हाच आज खरा आधार आहे. शौचातून रक्त, शौचाच्या सवयीत टिकून राहिलेला बदल, कारण नसताना घटलेले वजन किंवा रक्तक्षय दिसला, तर ‘मूळव्याधच असेल’ म्हणून अंगावर काढू नये. दुर्बिणीची तपासणी आवश्यक आहे का, हे डॉक्टरांना विचारावे. उपचारांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. विहारातील तरुणांना आम्ही एवढेच सांगू: नव्या चाचणीची वाट पाहू नका, घरातल्या वडीलधाऱ्यांना आजच विचारा.