वजनावरचा शिक्का

इतिहास म्हटलं की आपल्याला लढाया, तह आणि सनावळ्या आठवतात. आज मात्र आपण तागडीचा इतिहास पाहणार आहोत.

सुरुवात आपल्याच बोलण्यातून करू. ‘तो त्याच्या पासंगालाही पुरणार नाही’ असं आपण सहज म्हणून जातो. पासंग म्हणजे काय? तागडीची दोन पारडी समतोल नसली, की हलक्या बाजूला जो दगड किंवा लोखंडाचा तुकडा अडकवत, तो पासंग. तागडी मुळातच एका बाजूला झुकलेली असू शकते, हे आपल्या भाषेनं गृहीत धरलेलं आहे. ‘काटा मारणं’ तर आजही बाजारात ऐकू येतं. तागडी दुकानदाराची, वजन दुकानदाराचं आणि हातही त्याचाच. मग गिऱ्हाइकाच्या बाजूनं कोण उभं राहतं?

हा प्रश्न फार जुना आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात वजनमापांसाठी स्वतंत्र अधिकारी सांगितला आहे, त्याचं नाव पौतवाध्यक्ष. वजनं लोखंडाची असावीत, किंवा मगध आणि मेकल इथल्या दगडाची असावीत. नाहीतर अशा पदार्थाची, जो भिजला तरी वाढणार नाही आणि तापला तरी घटणार नाही. एवढ्यावर तो ग्रंथ थांबत नाही. दर चार महिन्यांनी वजनं तपासून त्यांवर शिक्का मारून घ्यावा, आणि बिनशिक्क्याची वजनं वापरणाऱ्याला सव्वासत्तावीस पण दंड करावा, असं तो सांगतो. एकदा बरोबर बनवलेलं वजन कायम बरोबर राहत नाही, ते पुन्हापुन्हा पाहावं लागतं, ही समज त्यात आहे. आजची सगळी तपासणी याच समजुतीवर उभी आहे.

आता आपल्या मुलखात येऊ. आपल्याकडे धान्य तोलण्यापेक्षा मापण्याची रीत मोठी. दोन चिपट्यांचं एक मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. मोजताना ‘एक’ म्हणायचं नाही, ‘लाभ’ म्हणायचं. मग दोन, तीन. ऐकायला किती गोड! पण लाभ कोणाचा, हे माप भरणाऱ्या हातावर ठरायचं. माप शिगेनं भरलं की सपाट, यात मूठ-दोन मुठींचा फरक पडतो. घेताना शीग आणि देताना सपाट असा व्यवहार झाला, तर मापात काहीही खोट नसताना समोरचा नागवला जातो.

त्यात गावोगावची मापं वेगळी. कुठे बारा पायल्यांचा मण, तर कुठे सोळा पायल्यांचा. वजनाच्या मणाची गत याहून बिकट. जुना मुंबईचा मण २८ पौंडांचा, म्हणजे सुमारे पावणेतेरा किलोंचा. आणि बंगाली मण ८२ पौंडांहून जास्त, म्हणजे ३७ किलोंच्या वर. शब्द तोच, माल जवळजवळ तिप्पट! अशा गोंधळात फसवणूक सिद्ध करायची कशी? ‘आमच्याकडे मण एवढाच असतो’ म्हटलं, की वाद संपला. तपासणी करायची तर आधी एकच प्रमाण ठरावं लागतं.

मुंबई इलाख्यासाठी १९३२ साली वजनमापांचा कायदा झाला. स्वातंत्र्यानंतर, १९५६ साली, संसदेनं दशमान वजनमापांचा कायदा केला आणि १९५८पासून टप्प्याटप्प्यानं किलो आणि लिटर बाजारात आले. हा बदल घरोघरी सोसला गेला. ऐंशी तोळ्यांचा शेर म्हणजे ९३३ ग्रॅम. किलोचा भाव लावून कोणी जुनाच शेर पारड्यात टाकला, तर गिऱ्हाइकाचे ६७ ग्रॅम गेले. निरीक्षकाला नवी वजनं तपासायची होती आणि जुनी बाजारातून काढायचीही होती. शब्द मात्र आपण सोडले नाहीत. पावशेराचा पाव किलो झाला, आणि शेरास सव्वाशेर तर अजून भेटतोच.

आता शिक्क्याकडे वळू. लोखंडी षटकोनी वजन आपण सगळ्यांनी पाहिलंय. ते उलटं केलं की एका खळग्यात शिसं ओतलेलं दिसतं. तपासणीत वजन बरोबर ठरलं, की निरीक्षक त्या शिशावर शिक्का मारतो. कोणी शिसं कोरून वजन हलकं केलं, तर शिक्का बिघडतो आणि चोरी उघडी पडते. निरीक्षक हे वजन ताडून पाहतो ते त्याच्याजवळच्या प्रमाण वजनाशी. ते वरच्या प्रयोगशाळेतल्या वजनाशी ताडलेलं असतं. ही साखळी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत जाते, जिथे किलोग्रॅमची ५७ क्रमांकाची अधिकृत प्रत आहे. २०१९पर्यंत पॅरिसजवळच्या मूळ किलोपासून आपल्या पेठेतल्या भाजीवालीपर्यंत एक अखंड दोरी होती, असं म्हणा ना.

सध्या लागू आहे तो २००९चा वैधमापन कायदा, १ एप्रिल २०११पासून अमलात आलेला. लोखंडी वजनं दर दोन वर्षांनी, तर इलेक्ट्रॉनिक काटे दरवर्षी तपासून घ्यावे लागतात. पेट्रोल पंपावर पाच लिटरचं शिक्क्याचं माप असतं. ते मागून इंधन मापून घ्यायचा हक्क आपल्याला आहे. मिठाईच्या दुकानात खोक्याचं वजन पेढ्यांच्या भावानं लावता येत नाही.

‘वीस ग्रॅमनं काय होतंय?’ असं कोणी म्हणेल. हिशेब करू. पन्नास किलोंचं पोतं घेणाऱ्याला वीस ग्रॅमची तूट जाणवतसुद्धा नाही. पण रोजच्या मजुरीतून पाव किलो डाळ घेणाऱ्या बाईचे वीस ग्रॅम गेले, तर शंभरातले आठ रुपये गेले. तेही रोज, तेलात, साखरेत, डाळीत. जो थोडं थोडं घेतो, त्यालाच काटा जास्त लागतो. आणि प्रामाणिक दुकानदाराचंही नुकसान होतंच. शेजारचा मापात मारून भाव उतरवतो आणि गिऱ्हाईक तिकडे वळतं. म्हणजे तो शिक्का सचोटीनं तोलणाऱ्यालाही जगवतो.

पण निरीक्षक रोज प्रत्येक गाडीपाशी उभा राहू शकत नाही. तो वर्षातून एकदा येतो, आपण मात्र रोज जातो. उरलेले दिवस नजर आपलीच. माल ठेवण्याआधी काट्यावर शून्य आहे का? त्याचं सील शाबूत आहे का? पडताळणीचं प्रमाणपत्र दुकानात लावलंय का? विचारायला आपल्याला संकोच वाटतो, ओळखीचा दुकानदार काय म्हणेल असं मनात येतं. त्याची खरं तर गरज नाही. कौटिल्यापासून २००९पर्यंत एवढे कायदे झाले, ते हा प्रश्न विचारणं हा कोणाचा अपमान ठरू नये, म्हणूनच.

तेव्हा उद्या बाजारात गेलात, की एखादं वजन उलटं करून पाहा. शिशावरचा तो छोटासा शिक्का म्हणजे आपण आज बोललो तो सगळा इतिहास. आता तुमचे प्रश्न घेऊ.