रायबरेलीचं काय झालं?

रविवार, २० मार्च १९७७. रात्रीचे अकरा वाजून गेलेत आणि तुम्ही मुंबईच्या फोर्टात, एका वर्तमानपत्राच्या कचेरीसमोर चेंगरून उभे आहात. सवयीनं हात खिशातल्या मोबाइलकडे जातो. खिशात रुमाल आहे. निकाल हवा असेल तर समोर फळा आहे, खडू आहे आणि शिडीवर चढलेला एक पोरगा. आतून चिठ्ठी आली की गर्दी पुढे सरकते.

देशभर पेट्यांची सीलं तोडून मतपत्रिका टेबलांवर ओतल्या जातायत. शिक्का काँग्रेसच्या गाय-वासरावर की जनता पक्षाच्या नांगरधारी शेतकऱ्यावर, हे डोळ्यांनी बघून गठ्ठे बांधायचे. त्यामुळे एक आकडा येतो आणि मग बराच वेळ काहीच येत नाही. पायाला मुंग्या येतात.

शेजारच्या गृहस्थांनी ट्रान्झिस्टर कानाला लावलाय. आकाशवाणी दक्षिणेतल्या काँग्रेसच्या जागा सांगतेय.

"रायबरेलीचं काय?" मागून कुणीतरी विचारतं.

"नाव नाही काढत."

आणि गर्दीत हसू पसरतं. दीड-पावणेदोन वर्षं कापलेला पेपर वाचून ही माणसं बातमीत काय नाही, ते आधी शोधायला शिकलीत. इंदिराबाई पुढे असत्या तर एव्हाना दहादा ऐकवलं नसतं? सेन्सॉरच्या हातून नकळत झालेलं लोकशिक्षण म्हणायचं ते हेच.

आणीबाणी कागदावर अजून आहे. कोपऱ्यावर हवालदार दिसला की आवाज आपोआप खाली येतात. मग हवालदारच जवळ येऊन विचारतो, "काय लागलं?"

मध्यरात्र कधीच उलटलीय. पोरगा शिडीवर चढतो. रायबरेली: राजनारायण विजयी. ज्यांच्या अर्जावरून अलाहाबाद उच्च न्यायालयानं १९७५ मध्ये इंदिराबाईंची निवडणूक रद्द केली, तेच राजनारायण. ५५ हजारांहून अधिक मतांनी. अमेठीत संजय गांधीही पडले.

"अक्षर मोठं काढ रे!" कुणीतरी ओरडतं. पोरगा सगळं पुसून पुन्हा लिहितो. पेढे कुठून आले, कळत नाही.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. उत्तर प्रदेशातल्या ८५ पैकी एकही जागा काँग्रेसला मिळणार नाही, आंध्रात मात्र ४२ पैकी ४१ मिळतील. मुंबईच्या सहाही जागा जातील. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर लोकसभेत जातील. तरी महाराष्ट्रात काँग्रेसला २० जागा उरतीलच. आज इथे ते सांगितलं तर मार खाल.

"पाच वर्षं टिकतील ना हो हे जनतावाले?" ट्रान्झिस्टरवाले विचारतात. तुम्हाला हे सरकार कोसळलं तो जुलै १९७९ आठवतो.

"बघू या."

"बघू या काय?" ते चिडतात. "अहो, आत्ता जे झालं ते बघितलंत ना?"