कॅप्टन गो. गं. लिमये : वैद्यक, सैन्य आणि विनोद

प्रस्तुत लेखात कॅप्टन गोपाळ गंगाधर लिमये यांच्या लेखनाचा इतिहासाचे साधन या दृष्टीने विचार केला आहे.

मराठी विनोदाची परंपरा विविध व्यवसायांतील लेखकांनी जोपासली. १८७१ मध्ये नागपुरात जन्मलेले श्रीपाद कृष्ण कोल्हटकर वकील होते, चिं. वि. जोशी अध्यापक होते, तर लिमये डॉक्टर. पहिल्या महायुद्धाच्या काळात ते सैन्यात वैद्यकीय अधिकारी झाले आणि तेथील 'कॅप्टन' हा हुद्दा पुढे त्यांच्या लेखननामाचाच भाग बनला.

या हुद्द्याचे ऐतिहासिक महत्त्व ध्यानात घेतले पाहिजे. १९१७ पूर्वी लढाऊ दलांत भारतीयांना किंग्ज कमिशन सहसा मिळत नसे. इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये मात्र ते मिळे. त्यामुळे भारतीय डॉक्टर हुद्द्याने गोऱ्या अधिकाऱ्यांच्या पंक्तीत बसे, पण प्रजाजन तो पारतंत्र्यातलाच. अशी विसंगती टिपण्यास विनोदकाराची दृष्टी उपयुक्त ठरते.

लिमये यांचे 'सैन्यातील आठवणी' हे पुस्तक १९३९ मध्ये प्रसिद्ध झाले. तोवर युद्ध संपून दोन दशके लोटली होती. म्हणून स्मरणाच्या मर्यादा मानूनच ते वाचावे लागते. तथापि त्या युद्धातील भारतीय शिपायांची उपलब्ध पत्रे बहुतांशी सेन्सॉरच्या नजरेखालून गेलेली आहेत. त्या तुलनेत सुशिक्षित भारतीयाने स्वभाषेत, स्वकीय वाचकांसाठी लिहिलेला वृत्तान्त मोलाचा होय.

'विनोदी लेखक' या शिक्क्यामुळे अशी पुस्तके ललित वाङ्मयाच्या कपाटातच राहतात. महाविद्यालयीन ग्रंथालयांतील जुन्या प्रती जीर्ण होण्यापूर्वी इतिहासाच्या अभ्यासकांनी ती उघडणे आवश्यक आहे.