नको असलेला सूर

१/ १९६४ साली अमेरिकेत विल्यम ब्राउन यांनी केवळ मायक्रोवेव्ह लहरींच्या ऊर्जेवर लहानसे हेलिकॉप्टर हवेत तरंगत ठेवले. परंतु लहरींपासून वीज करणारे डायोड दुप्पट, तिप्पट वारंवारतेचे हार्मोनिकही निर्माण करतात. अँटेनाने ते बाहेर फेकले, की इतरांच्या संदेशवहनात व्यत्यय येतो.

२/ पहिला उपाय म्हणजे मध्ये फिल्टर बसवणे. त्यात जागा जाते, थोडी ऊर्जाही.

३/ १९७० च्या दशकात छापील अँटेना प्रत्यक्षात आल्या आणि आकारच बदलण्याचा मार्ग खुला झाला. आयताकृती पट्टी दुप्पट वारंवारतेलाही अनुनाद देते. वर्तुळाकार चकतीचे पुढचे अनुनाद सुमारे १.६६ आणि २.०८ पटींवर पडतात. नेमक्या दुप्पटीला ती बहुतांशी मूक राहते.

४/ शाई नसलेल्या तबल्याचे स्वरही असेच पूर्ण पटींत बसत नाहीत. वादकाला खटकणारा हा बेसूरपणा अभियंत्यांना वरदान ठरला.