पिटा कायदा काय सांगतो आणि काय सांगत नाही : लॉज, एस्कॉर्ट आणि पोलिसांसमोरचे हक्क

पैसे घेऊन शरीरसंबंध ठेवणे हा भारतात गुन्हा आहे का? सज्ञान व्यक्तीने स्वतःच्या मर्जीने, खाजगी जागेत, एकटीने तसे केले तर नाही. मग लॉजवर धाड पडली की बाईलाच गाडीत का बसवतात? देगलूर, बिलोली, उदगीर भागात काम करताना आम्हाला हा प्रश्न नेहमी विचारला जातो. विचारणाऱ्यांत बाया असतात, तृतीयपंथी असतात आणि मोबाईलवरच्या ‘एस्कॉर्ट सर्व्हिस’च्या जाहिरातीवरून कामाला लागलेल्या शिकलेल्या मुलीही असतात. काम कुठलेही असो, लागणारा कायदा एकच. त्यात एस्कॉर्ट हा शब्दच नाही.

हा कायदा म्हणजे अनैतिक व्यापार (प्रतिबंध) अधिनियम, 1956. बातम्यांत आणि पोलीस ठाण्यात त्याला ‘पिटा’ म्हणतात. तो धंद्यावर थेट बंदी घालत नाही, धंद्याच्या आजूबाजूच्या जवळजवळ सगळ्या गोष्टींवर घालतो. कुंटणखाना चालवणे (कलम 3), दुसऱ्याच्या कमाईवर जगणे (कलम 4), कुणाला या कामाला लावणे किंवा त्यासाठी नेणे (कलम 5), डांबून ठेवणे (कलम 6) हे गुन्हे आहेत. यातले डांबणे आणि फसवून आणणे गुन्हा असावे यावर कुणाचे दुमत नसेल. अडचण बाकीच्या कलमांत आहे.

कुंटणखान्याची व्याख्या बघा. जी जागा, खोली किंवा वाहन ‘दुसऱ्याच्या फायद्यासाठी’ किंवा ‘दोन किंवा अधिक वेश्यांच्या परस्पर फायद्यासाठी’ वापरले जाते, तो कुंटणखाना. म्हणजे एकटी बाई स्वतःसाठी काम करत असेल तर तिची खोली कुंटणखाना ठरत नाही. पण दोघींनी सुरक्षिततेसाठी आणि भाडे वाटून घेण्यासाठी एक खोली घेतली की ती व्याख्येत बसते. एकटी राहावे तर गुंडांची भीती, दोघींनी राहावे तर कायद्याची. कलम 4 चेही तसेच. आईच्या कमाईवर शिकणारा मुलगा 18 वर्षांचा झाला की कागदोपत्री तो आरोपी होऊ शकतो, दलालासाठी केलेले कलम घरातल्या माणसावर लागते.

एस्कॉर्टच्या कामाचा करडा भाग इथेच आहे. सोबत जाणे, गप्पा, जेवण यासाठी पैसे घेणे हा गुन्हा नाही. दोन सज्ञान माणसांनी लॉजची खोली घेणे हाही नाही, लग्नाचा दाखला मागण्याचा कायदा नाही. पण जाहिरात देणारा, नंबर पुरवणारा, टक्केवारी घेणारा एजंट कलम 4 आणि 5 मध्ये येतो आणि माहिती असून खोली देणारा लॉजवाला कलम 3 मध्ये. कलम 8 सार्वजनिक जागी किंवा तिथून दिसेल असे गिऱ्हाईक बोलावण्याबद्दल आहे. ‘सार्वजनिक जागे’त एस.टी.सारखे सार्वजनिक वाहनही धरले आहे. कलम 7 प्रमाणे देवस्थान, शाळा, वसतिगृह, दवाखाना यांच्यापासून 200 मीटरच्या आत हे काम करणे गुन्हा आहे. देगलूरसारख्या गावात या सगळ्यांपासून 200 मीटर दूर अशी जागा शोधून दाखवावी! कलम 8 खाली बाईला पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, तोच गुन्हा पुरुषाने केला तर जास्तीत जास्त तीन महिने. गिऱ्हाइकावर गुन्हा होतो का, याबद्दल उच्च न्यायालयांचेही एकमत नाही. कर्नाटकात अनेक गिऱ्हाइकांवरचे गुन्हे रद्द झाले, तर केरळ उच्च न्यायालयाने 2025 मध्ये त्याच्यावर कलम 5 खाली खटला चालू शकतो असे म्हटले.

मुलगी 18 वर्षांखालची असेल तर मात्र करडे काही नाही. तिच्या संमतीला अर्थ नाही, पॉक्सो लागतो आणि माहिती असून न कळवणारासुद्धा दोषी ठरतो. 1098 वर कळवा.

2022 चा आदेश नीट वाचावा लागेल

19 मे 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने बुद्धदेव कर्मास्कर खटल्यात आदेश दिला. न्या. नागेश्वर राव, न्या. बोपण्णा आणि आपल्या अमरावतीचे, रा. सू. गवई यांचे चिरंजीव न्या. भूषण गवई यांचे ते पीठ होते. त्यानंतर ‘देहविक्रय कायदेशीर, पोलिसांनी अटक करायची नाही’ अशा बातम्या सगळीकडे आल्या. त्या भरवशावर पोलिसांशी हुज्जत घातली तर आपलीच फजिती होते. न्यायालयाने नेमलेल्या समितीच्या दहा शिफारशी होत्या. त्यातल्या सहा लागू करण्याचे निर्देश दिले गेले. चार शिफारशींवर केंद्र सरकारने आक्षेप कळवले होते आणि ‘सज्ञान, स्वेच्छेने काम करणाऱ्या व्यक्तीवर कारवाई करू नये’ व ‘धाडीत तिला अटक करू नये’ या दोन्ही त्या चारांत आहेत.

मग हातात काय आहे? बरेच आहे. लैंगिक अत्याचार झाला तर इतर कोणत्याही पीडितेसारखे तिला तातडीने उपचार मिळाले पाहिजेत. पोलिसांनी शिवीगाळ, मारहाण किंवा जबरदस्ती करायची नाही. कंडोम जवळ असणे हा पुरावा धरायचा नाही. संरक्षणगृहात मर्जीविरुद्ध ठेवलेल्या सज्ञान बायांची पाहणी करून सुटकेची कार्यवाही करायची. विधी सेवा प्राधिकरणांनी या बायांसाठी हक्कांची शिबिरे घ्यायची. आणि धाडीत कुणाची ओळख माध्यमांनी उघड करायची नाही. शेवटचा मुद्दा आपल्या भागात सगळ्यात जास्त पायदळी तुडवला जातो. धाड संपायच्या आत गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर व्हिडिओ फिरतो, तोंडाला ओढणी गुंडाळलेली बाई चपलेवरून, साडीवरून ओळखली जाते आणि तिची मुले शाळेत जायची थांबतात. आपल्याच वस्तीतली पोरे तो व्हिडिओ पुढे ढकलतात, हेही लिहून ठेवतो.

मुंबई उच्च न्यायालयाचा 24 सप्टेंबर 2020 चा निकाल महाराष्ट्रात अधिक कामाचा आहे. मालाडच्या एका गेस्ट हाऊसमधून ताब्यात घेतलेल्या तीन तरुणींना खालच्या न्यायालयाने संस्थेत ठेवले होते. न्या. पृथ्वीराज चव्हाण यांनी ते आदेश रद्द केले. देहविक्रय करणे एवढ्याच कारणाने शिक्षा करणारी तरतूद कायद्यात नाही आणि सज्ञान स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध डांबता येत नाही, असे त्यांनी स्पष्ट केले. मॅजिस्ट्रेटसमोर उभे राहताना वकिलाने या निकालाचा आधार घ्यावा.

धाड पडली तर

पिटाखाली धाड टाकण्याचा अधिकार कुठल्याही शिपायाला नाही. त्यासाठी नेमलेला विशेष पोलीस अधिकारी लागतो आणि तो निरीक्षकाच्या खालच्या दर्जाचा नसतो. इतरांना अटक करायची तर त्याच्या आदेशाने. सोबत किमान दोन महिला पोलीस हव्यात, पंचांत किमान एक स्त्री हवी आणि बाईची विचारपूस महिला पोलिसानेच करायची. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे (1 जुलै 2024 पासून लागू) झडती आणि जप्तीचे चित्रीकरण करावे लागते. ते न्यायालयासाठी आहे, ग्रुपसाठी नाही. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी स्त्रीला अटक करायची तर अपवादात्मक कारण, महिला अधिकारी आणि मॅजिस्ट्रेटची लेखी पूर्वपरवानगी लागते.

‘अटक नाही, नुसती सुटका केली’ असे पोलीस सांगतात तेव्हाही मॅजिस्ट्रेटसमोर हजर करावेच लागते. तिथे आपले वय आणि आपली इच्छा स्वतःच्या तोंडाने सांगा. वयाचा पुरावा घरच्यांकडून लगेच मागवून घ्या. अटक असेल तर 24 तासांत हजर करणे, नातेवाइकाला कळवणे आणि वकिलाला भेटू देणे हे घटनेच्या कलम 22 आणि संहितेतले हक्क आहेत. अटकेची कारणे लेखी आणि आरोपीला समजेल अशा भाषेत द्यावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2025 मध्ये मिहीर शाह प्रकरणात सांगितले. देगलूरला याचे मोल वेगळे आहे. महामार्ग 161 ने मदनूरला गेले की तेलंगणा, दुसऱ्या अंगाला बिदर जिल्हा. कामाला गेलेल्या बाईसमोर तेलुगू किंवा कन्नड कागद येतो आणि ती अंगठा देते. समजत नसलेल्या कागदावर सही करू नका, मराठीत मागा.

पिटा बसत नसेल तेव्हा महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे कलम 110, म्हणजे सार्वजनिक ठिकाणी असभ्य वर्तन, लावले जाते. दंड भरून सुटका होते म्हणून बहुतेकजणी गुन्हा कबूल करतात. पुढच्या वेळी तीच कबुली अंगावर येते. कबूल करण्याआधी वकील मागा. कोणत्याही स्त्रीला, आणि अनुसूचित जातीच्या कुणालाही, उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. तालुका न्यायालयातली विधी सेवा समिती, नांदेडचे जिल्हा प्राधिकरण किंवा 15100 हा क्रमांक.

जातीवरून शिवीगाळ झाली तर अट्रॉसिटी कायदा लागतो. 1990 च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जातीतले बौद्ध त्यात येतात, ‘धर्म बदलला म्हणून लागत नाही’ हे उत्तर चुकीचे आहे.

आपल्यातली कुजबुज

बाबासाहेबांनी 16 जून 1936 रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये कामाठीपुऱ्यातल्या वाघ्या-मुरळी, जोगतिणी, देवदासी यांच्यासमोर भाषण करून हे जीवन सोडा असे बजावले होते. ते भाषण पुढे करून काही कार्यकर्ते अशा बायांना विहाराच्या कार्यक्रमात येऊ देत नाहीत. आम्हाला हे पटत नाही. बाबासाहेब त्यांच्याशी समोर बसून बोलले, धर्मांतराच्या वाटेवर त्यांना धरून बोलले. पोलिसांच्या काठीचे समर्थन त्या भाषणात नाही. आणि वैशालीत लिच्छवी राजपुत्र आडवे आले तरी तथागतांनी आम्रपालीकडचे भोजन मोडले नव्हते, हे उपासक-उपासिकांना वेगळे सांगायला नको.

तक्रार कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते, घटना तेलंगणात घडली असली तरी. शून्य क्रमांकाने नोंदवून ती तिकडे पाठवायची असते. ठाण्यात नोंदवली नाही तर नांदेडच्या पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी पाठवा आणि पोच जपून ठेवा. तिथेही दाद लागली नाही तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करताना तीच पोच जोडावी लागते.