कारकून मर्फी आणि आपला फाल्गुनराव

बँकेतल्या कारकुनाला लेजरपलीकडे काही येत असेल, यावर भिवंडीतल्या मागवाल्यांचाच काय, आमच्या सौ.चाही विश्वास नाही. म्हणून आर्थर मर्फी (१७२७–१८०५) हा आम्हाला घरचा माणूस वाटतो. जन्माने आयरिश. लंडनच्या एका पेढीवर कारकुनी केली, साप्ताहिक काढले, कर्ज फेडायला चक्क ऑथेल्लो होऊन रंगभूमीवर उभा राहिला. नट होता म्हणून वकिलांच्या एका संस्थेने दार लावले, तर दुसरीत शिरून वकील झाला. शिवाय टॅसिटसचे भाषांतर आणि डॉ. जॉन्सनचे चरित्र! एवढी खाती एकटा सांभाळायचा, तेही ओव्हरटाइमशिवाय.

नाटके तर ढीगभर. त्यातले 'ऑल इन द राँग' १७६१ चे. मूळ भांडवल मात्र मोलियरचे, १६६० सालचे. हुंडीवर सह्या चढाव्यात तसे ते फ्रेंचमधून इंग्रजीत आणि तिथून गोविंद बल्लाळ देवलांकडे आले. १८९३ साली त्यांनी त्याचा 'फाल्गुनराव' केला आणि पुढे पदे घालून 'संशयकल्लोळ'. आता सांगा, बायकोच्या हातात परक्याची तसबीर पाहून पेटणारा फाल्गुनराव कोणाला साहेब वाटेल? तो तर आपल्याच आळीतला!

देवल गेले जून १९१६ मध्ये. 'संशयकल्लोळ' रंगभूमीवर आले ऑक्टोबरात. ठेवीची मुदत भरली आणि ठेवीदारच नाही. व्याज मात्र आपण अजून खातोय. तेव्हा यापुढे कृत्तिकेने तसबीर उचलली की एक टाळी देवलांना द्या, अर्धी आमच्या मर्फीला. अर्धी टाळी वाजत नाही म्हणता? अहो, पन्नास पैशांचा रुपया आम्ही रोजच करतो!