मोहाचा कायदा

अष्टमीच्या माणसाला प्रवासाला निघायला कारण लागत नाही. कारण लागतं ते घरी सांगायला. आम्ही चौघांनी घरी ‘नाशिकला जाऊन येतो’ एवढंच सांगितलं. घरच्यांना त्र्यंबकेश्वर आठवला, आम्ही तो आठवू दिला. त्यामुळे द्राक्षांच्या मुलखात वाइन पाहायला निघालेल्या मंडळींच्या पिशवीत साबुदाण्याच्या खिचडीचा डबा होता.

कुंडलिका मागे टाकून नागोठणं, पेण, पनवेल करत कसाऱ्याचा घाट चढलो. इगतपुरीला वारा अंगाला लागला तसे आमच्यातले मास्तर बोलते झाले. मास्तर इतिहास शिकवून निवृत्त झालेत, म्हणजे पगार थांबलाय, शिकवणं नाही. ते म्हणाले, “द्राक्षाला नाशिक मानवतं ते या उंचीमुळे. दोन हजार फुटांवर थंडीत रात्री गार पडतात.” युरोपात द्राक्षं सप्टेंबर-ऑक्टोबरात काढतात, आपल्याकडे जानेवारी ते मार्च. वेलाची छाटणी मात्र वर्षातून दोनदा, एप्रिलात आणि ऑक्टोबरात. म्हणजे न्हाव्याचा खर्च दुप्पट आणि पीक एकच!

गंगापूर धरणाजवळच्या एका वायनरीत एका तरण्या मुलाने आम्हाला हिंडवून दाखवलं. पांढरी वाइन करायची तर द्राक्षाचा रस काढून सालं वेगळी करायची, तांबडी करायची तर सालांसकट आंबवायची. रंग सालात असतो. आंबताना रस तापतो, म्हणून स्टीलच्या टाक्या गार ठेवायच्या. मग त्याने पेल्यात घोटभर ओतून पेला फिरवायला लावला आणि विचारलं, “काका, पेरूचा वास येतोय?”

“येतोय,” आमचे नाना म्हणाले. “पण पेरूचाच वास हवा होता तर अष्टमीत काय वाईट होतं?”

तो मुलगा शिकलेला होता, नुसता हसला. त्याने सांगितलं, की इथल्या पहिल्या मोठ्या वायनरीची वाइन 2000 साली बाजारात आली. 2001 साली राज्य सरकारने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचं धोरणच काढलं, करात सवलती दिल्या, नाशिक जिल्ह्यात विंचूरला आणि सांगलीकडे पलूसला वाइन पार्क उभे केले. मास्तर पेला खाली ठेवून म्हणाले, “छान. आता आमच्या जिल्ह्याचं ऐका.”

आणि तिथे, त्या गारेगार टाक्यांपुढे, तास सुरू झाला. आमचा रायगड जिल्हा 1981 पर्यंत कुलाबा होता. 1878 साली इंग्रजांनी मुंबई इलाख्यासाठी आबकारी कायदा केला. माडाताडांवर कर वाढला, दारू गाळायची ती ठेकेदाराने, सरकारी देखरेखीखाली. उरणला मोठ्या भट्ट्या होत्या, त्या मोहाच्याच फुलांवर चालत आणि फुलं बाहेरगावाहून येत. पण डोंगरातल्या कातकऱ्याला, ठाकराला चैत्रात झाडाखाली फुकट पडलेली फुलं मिळत असताना तो ठेक्याची दारू विकत कशाला घेईल? सरकारला नेमकी हीच अडचण होती. म्हणून 1892 साली खास ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहाचा कायदा आला. फुलं गोळा करण्यावर, घरात बाळगण्यावर निर्बंध!

“म्हणजे दारूवर नाही, फुलावर?” नानांनी विचारलं.

“फुलावर. माणसाचा मोह सुटावा म्हणून कायदे पुष्कळ झाले, पण झाडाच्या मोहावर बंदी घालणारं सरकार तेवढं आमच्या नशिबी आलं.”

आम्ही हसलो, पण मास्तर हसले नाहीत. ते फूल नुसतं गाळायचं नव्हतं. पावसाळ्यात घरातलं धान्य संपलं, की वाळवलेली फुलं शिजवून खात. बियांचं तेल निघे. गोऱ्या साहेबाला त्यात महसूल दिसला, डोंगरातल्या माणसाला त्यात आषाढ निभावलेला दिसत होता. दारूबंदीचा कायदा 1949 साली आपल्याच सरकारने केला, तेव्हा दारूबरोबर फुलालाही पुन्हा परवाना लागला. फुलं गोळा करण्यावरचे आणि नेण्या-साठवण्यावरचे निर्बंध उठायला 2021 साल उजाडलं. पुढच्याच वर्षी, 2022 च्या जानेवारीत, मंत्रिमंडळाने वाइन सुपरमार्केटात ठेवायचं ठरवलं! ओरड झाली आणि ते अमलात आलं नाही. पण फुलाला सुटायला लागलेला काळ आणि बाटलीला मिळणारा मान यांची तुलना मात्र होऊन गेली.

माझं वाइनशी भांडण नाही. द्राक्षाचा भाव पडला की शेतकऱ्याचं काय होतं ते आपण सगळे जाणतो; त्याच्या मालाला आणखी एक गिऱ्हाईक मिळालं तर चांगलंच. माझं म्हणणं एवढंच, की दोन्ही रस आंबतात ते एकाच नियमाने. फरक पडतो तो पुढे. द्राक्षाचा रस आंबला की उद्योग होतो, त्याला पार्क मिळतो, वास घ्यायला पेरू मिळतो. मोहाचं फूल वाडीवर आंबलं की गुन्हा होतो.

आम्ही दोन बाटल्या घेतल्या. मुलाने त्या कागदात नीट गुंडाळून दिल्या आणि वर छापील पावती दिली. मास्तरांनी ती उलटसुलट वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि म्हणाले, “द्राक्षाला पावती, मोहाला पंचनामा. चला, खिचडी गार होतेय.”